करड्याचं घर आणि माझं सिबिल

बँकेतल्या मॅडमनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. तसं करायची त्यांना काही गरज नव्हती. ‘सर, सिस्टीममध्ये रिजेक्ट झालंय’ एवढं सांगूनही भागलं असतं. पण त्यांनी बोट ठेवून एक ओळ दाखवली. त्या ओळीच्या शेवटी एकच शब्द होता : सेटल्ड.

“हे कसलं?”

“क्रेडिट कार्डाचं, मॅडम. २०२१मध्येच मिटवलं ते.”

“मिटवलं नाहीत, सेटल केलंत. मिटवलं असतं तर इथं क्लोज्ड आलं असतं.”

फ्लॅटसाठी १ लाख टोकन देऊन झालं होतं. बिल्डरनं ४५ दिवसांची मुदत दिली होती आणि त्यातले १९ दिवस गेले होते. बायको शेजारीच बसली होती. तिला या कार्डाबद्दल मी कधी बोललोच नव्हतो. लपवायचं म्हणून नव्हे, माझ्या दृष्टीनं तो विषय संपला होता म्हणून.

त्या रात्री बाबांना फोन करून सगळं सांगितलं. बाबा सातवीपासून बारामतीकडे वाढलेले. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पूर्वी बरं होतं. सुप्याला लोकांनी सावकाराच्या वह्याच जाळल्या होत्या. तुमच्या त्या सिबिलला काडी कुठून लावणार?”

आम्ही दोघंही हसलो. पण वाक्य डोक्यात राहिलं. दख्खनचे दंगे शाळेत दोन ओळींत संपले होते. झोप येत नव्हती, म्हणून वाचायला घेतलं. पुढचे काही आठवडे दिवसा बँका आणि रात्री १८७५ असंच चाललं.

दीडशे रुपये

दंगे सुप्याचे म्हणून ओळखले जातात, पण गोष्ट सुरू होते त्याआधी पाच महिने, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात. डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या गावकऱ्याविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा मिळवला. रक्कम होती १५० रुपये. त्या हुकूमनाम्यावर त्यानं देशमुखांचं घर ताब्यात घेतलं आणि पाडायला काढलं.

हे वाचून मी थांबलो. इतकी वर्षं मला वाटायचं की दख्खनचे दंगे म्हणजे शेतीचा, सारावसुलीचा, कापसाच्या भावाचा विषय. तो आहेच. पण ठिणगी पडली ती एका घरावरून आणि थकलेल्या कर्जावरून.

करड्यातल्या लोकांनी आधी काहीच जाळलं नाही. त्यांनी बहिष्कार घातला. सावकाराच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याची शेतं कसायची नाहीत, न्हाव्यानं त्याची हजामत करायची नाही, परटानं कपडे धुवायचे नाहीत. बलुतेदारांनीही साथ दिली. ही गोष्ट गावागावांत पसरली, आणि १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात भडका उडाला. तिथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत लोण गेलं.

जमावाला काय हवं होतं, ते त्यानं काय मागितलं यावरून कळतं. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही घरंही पेटली. पण बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती : कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढा. ज्या सावकारानं मुकाट्यानं कागद हवाली केले, त्याला सहसा हात लागला नाही. कागद द्यायला नकार दिला तिथं मात्र बळ वापरलं गेलं. म्हणजे लोकांचा राग माणसापेक्षा त्याच्या नोंदीवर जास्त होता.

तीन वर्षांचा कायदा

नोंदीवर एवढा राग का?

सावकार काही इंग्रजांनी आणलेला नव्हता. तो गावात आधीपासून होता, आणि त्याच्यावर दोन लगाम होते. एक गावाचा. दुसरा दामदुपटीचा. व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, हा तो जुना नियम. १०० रुपयांवर फार तर आणखी १००.

इंग्रजांनी दिवाणी कोर्टं आणली, आणि कोर्टात सही केलेला कागद बोलू लागला. शेतकऱ्याला बहुतेक वेळा वाचता येत नसे. रोख्याखाली सहीऐवजी तो नांगराची निशाणी काढत असे. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक. माझ्या फोनवर ‘आय अॅग्री’ दाबताना मी जेवढं वाचतो, त्याहून त्याची परिस्थिती फार वेगळी नव्हती. फरक इतकाच की मला वाचता येत होतं.

१८५९मध्ये सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षंच चालेल, त्यानंतर त्यावर दावा लावता येणार नाही. हेतू चांगला होता, वर्षानुवर्षं व्याज साचत राहू नये. पण झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, रोखा नव्यानं करू. नव्या रोख्यात जुनं मुद्दल आणि तीन वर्षांचं व्याज मिळून नवं मुद्दल व्हायचं. व्याज एकदा मुद्दलात मिसळलं की दामदुपटीचा नियम शोधणार कुठे?

मी कागदावर मांडून पाहिलं. समजा १०० रुपये, महिना शेकडा २, सरळ व्याज. तीन वर्षांनी १७२. नवा रोखा १७२चा. आणखी तीन वर्षांनी २९६. तिसऱ्या रोख्याअखेर ५०९. दामदुपटीनं जे २००वर थांबायचं, ते नऊ वर्षांत पाचशेच्या पुढे. दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगानं तर १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण नोंदवलं आहे.

आणि हे सगळं सुरू कसं झालं? सोप्या कर्जानं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन पैसे देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला, पुढं सरकारनं साराही वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. कर्ज मात्र वहीत तसंच राहिलं.

माझं कार्डही मला असंच मिळालं होतं. २०१८, पहिली नोकरी, हातात २५ हजार. ऑफिसच्या कॅन्टीनबाहेर टेबल टाकून बसलेल्या मुलानं पाच मिनिटांत फॉर्म भरून घेतला, वर एक बॅगही दिली. जून २०२०मध्ये नोकरी गेली. ऑगस्टअखेरपर्यंत मोरॅटोरियम होतं. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के. माझ्या वरच्या हिशेबातल्या सावकारापेक्षा दीड टक्क्यानं जास्त. थकबाकी ६४ हजारांवर गेली. फोन यायचे, मग काकांनाही यायला लागले. २०२१मध्ये वसुलीवाला म्हणाला, ३० हजार भरा, विषय संपला. मी मित्राकडून घेऊन भरले. विषय संपला असं मला वाटलं, कारण फोन बंद झाले.

आरंभापासून हिशेब

वह्या जाळून लोकांच्या हाती काय आलं? अटका झाल्या, गावांत पोलीस बसले. पण आयोगही नेमला गेला, आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी.

मला वाटलं होतं की या कायद्यानं कर्जं माफ केली असतील. तसं नव्हतं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायला त्यानं बंदी घातली, हे खरं. पण त्याचा गाभा वेगळा होता. न्यायाधीशानं फक्त शेवटचा रोखा पाहून निकाल देऊ नये, असं त्यानं सांगितलं. व्यवहार सुरू कधी झाला, मुद्दल मुळात किती दिलं, मध्ये किती फिटलं, व्याज कुठे मुद्दलात घुसलं, हे आरंभापासून उलगडून पाहावं. रोखे गावच्या निबंधकासमोर, वाचून दाखवून व्हावेत. आणि सावकारानं पैसे मिळाल्याची पावती द्यावी, मागितल्यावर वर्षाचा हिशेब द्यावा, पासबुक द्यावं.

थोडक्यात, लोकांनी वही जाळली आणि कायद्यानं त्यांना वही वाचायचा हक्क दिला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा कायदा आल्यावर अनेक सावकार शेतकऱ्याला कर्ज द्यायला कचरू लागले. काहींनी पळवाट काढली : गहाणखत नकोच, थेट खरेदीखत कर, पैसे आणून दिलेस की जमीन परत. कागदावर विक्री, व्यवहारात गहाण. पैसे फिरले नाहीत की जमीन गेली. न्या. रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी बँक काढायची योजना मांडली होती, कारण सावकाराचा हात धरून ठेवला तर दुसरा हात कुठून तरी यायला हवा. लंडनहून तिला मंजुरी मिळाली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडलं.

म्हणून ‘वह्या जाळा’ हे उत्तर मला आज पटत नाही. नोंद नसेल तर कर्ज देणारा एकतर पाठ फिरवतो किंवा जमीनच लिहून मागतो. बाबांनी १९९४मध्ये पतसंस्थेतून ४० हजार काढले, तेव्हा दोन जामीनदार लागले होते. एक जामीनदार मिळाला, दुसऱ्यासाठी ते तीन महिने लोकांच्या ओट्यावर बसत होते. ज्याच्या ओळखी नाहीत त्याला कर्ज नाही, असा तो काळ. अनोळखी माणसालाही कुणाच्या पाया न पडता कर्ज मिळावं, ही नोंदीची चांगली बाजू आहे.

सातचा आकडा

अनोळखी माणसाची पत कशी ओळखायची, हा प्रश्न अमेरिकेला आधी पडला. १८३७च्या मंदीत पोळलेल्या लुईस टॅपन या व्यापाऱ्यानं १८४१मध्ये न्यूयॉर्कला एक कंपनी काढली. गावोगावचे प्रतिनिधी व्यापाऱ्यांबद्दल माहिती पाठवायचे आणि ती मोठाल्या वह्यांत उतरवली जायची. १९५६मध्ये बिल फेअर नावाचा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक नावाचा गणिती यांनी तेच काम आकड्यात बसवायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा फिको स्कोअर १९८९चा. १९९५मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या तिथल्या गृहकर्ज क्षेत्रातल्या दोन बलाढ्य संस्थांनी त्याची शिफारस केली, आणि घर व स्कोअर यांची गाठ पक्की झाली.

आपल्याकडे सिबिल २०००मध्ये स्थापन झालं आणि सामान्य कर्जदारांच्या नोंदी २००४पासून सुरू झाल्या. आज अशा चार कंपन्या आहेत, पण बोलताना सगळ्यांचं नाव एकच. ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य आता ‘तब्येत खराब आहे’सारखं म्हटलं जातं. गावाकडे तर पीककर्जालाही सिबिल विचारू लागले, आणि तसं विचारू नका म्हणून मुख्यमंत्र्यांना बँकांना दम द्यावा लागला.

स्कोअर ३०० ते ९००. त्यामागचा रिपोर्ट मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिला. प्रत्येक खात्याखाली ३६ महिन्यांचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा. वेळेवर असेल तर तीन शून्यं. माझ्या चौकोनांत ३०, ६०, ९० असं चढत गेलेलं. नव्वदीपलीकडे बँकेच्या लेखी खातं बुडीत वर्गात जातं. सेटल्ड म्हणजे बँकेनं पूर्ण रकमेवर पाणी सोडून कमी पैशात खातं बंद केलं. माझ्या दृष्टीनं तो तह होता, पुढच्या बँकेच्या दृष्टीनं तो पुरावा.

एजंट, मित्र, यूट्यूब, सगळे एकच सांगत होते : सात वर्षं थांब, आपोआप जाईल. इथं माझे डोळे उघडले. अमेरिकेत १९७०च्या कायद्यानुसार अशी वाईट नोंद साधारण सात वर्षांनंतर रिपोर्टात दाखवताच येत नाही. सात ही तिथं वरची मर्यादा आहे. आपल्याकडचा कायदा २००५चा आणि त्याचे नियम २००६चे. त्यात असं आहे की कंपनीनं माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी. म्हणजे सात ही आपल्याकडे खालची मर्यादा आहे. आकडा तोच. एका देशात तो विसरायला लावतो, दुसऱ्या देशात लक्षात ठेवायला. मला १८५९चे तीन वर्षांचे रोखे आठवले. मुदतीचा आकडा ऐकून हायसं वाटून घेऊ नये, तो कुणाच्या बाजूनं लिहिलाय ते आधी बघावं.

वही उघडली तेव्हा

मग मी करड्याच्या लोकांचा नव्हे, १८७९चा मार्ग धरला. वही मागितली.

आपल्या २००५च्या कायद्यात हा हक्क आहे. तुमचा अर्ज ज्या रिपोर्टवरून तपासला, त्याची प्रत तुम्ही बँकेकडे मागू शकता. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करता येते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हे सगळं मी वापरलं. चारही रिपोर्ट काढले. तिघांत खातं सेटल्ड होतं. चौथ्यात ते अजूनही बुडीत म्हणून उभं होतं, वर ३४ हजार बाकी. सेटलमेंटचं पत्र ईमेलमध्ये सापडलं, ते जोडून तक्रार केली, २३व्या दिवशी नोंद बदलली.

मग त्या कार्डाच्या बँकेत गेलो आणि म्हणालो, उरलेले भरतो. काउंटरवरच्या माणसाला हे दोनदा सांगावं लागलं. सोडून दिलेले पैसे परत घेऊन कुणी येत नसावं. ३४ हजार भरले, ‘काही येणे नाही’ असं पत्र घेतलं, आणि खात्यापुढे क्लोज्ड आलं. नोंदी तेव्हा दर पंधरवड्याला पुढे जात होत्या, त्यामुळे फार वाट पाहावी लागली नाही. ते ३६ चौकोन मात्र बदलत नाहीत. उशीर झाला होता हे खरंच आहे. स्कोअर वर चढतोय, पण सावकाश.

या सगळ्यात ४५ दिवस संपले. एक गृहवित्त कंपनी द्यायला तयार होती, १० टक्क्यांनी. चांगला स्कोअर असलेल्या मित्राला तेव्हा साडेआठनं मिळत होतं. ४० लाख, २० वर्षं : साडेआठनं हप्ता ३४,७१३, दहानं ३८,६०१. महिन्याला ३,८८८चा फरक, २० वर्षांत सव्वानऊ लाखांहून अधिक. ३४ हजारांच्या सवलतीची ही किंमत. बायकोनं कॅल्क्युलेटर बंद केला आणि म्हणाली, “मी एकटी अर्ज करते.” सहअर्जदार म्हणून माझं नाव घातलं असतं, तर माझाही रिपोर्ट पाहिला गेला असता. तिच्या एकटीच्या पगारावर २८ लाख बसत होते. दोन बीएचके गेला, टोकनमधले २५ हजारही बिल्डरनं कापून घेतले. शेवटी एक बीएचके घेतला, तिच्या नावावर.

मला याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण माझी तक्रार नोंद ठेवली म्हणून नाही. मी पैसे थकवले होते, ते लिहिलं गेलं. माझी तक्रार अशी आहे की रिपोर्ट फक्त शेवट सांगतो. जून २०२०, लॉकडाऊन, गेलेली नोकरी, थांबलेला हप्ता आणि न थांबलेलं व्याज, यातलं काहीच त्या चौकोनांत नाही. ९० म्हणजे ९०. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. एखादी गोष्ट डेटाबेसच्या रकान्यात नसेल तर आमच्या प्रोग्रामच्या लेखी ती घडलेलीच नसते, हे मला माहीत आहे. १८७९मध्ये कुणीतरी न्यायाधीशाला सांगितलं होतं की शेवटच्या रोख्यावर थांबू नका, सुरुवातीपासून वाचा. तेव्हा त्यासाठी कोर्टात शेकडो कागद उलगडावे लागत. आज तर सगळा हिशेब मशीनमध्येच पडलेला असतो. फक्त तो वाचा असं सांगणारा कायदा नाही.

गेल्या महिन्यात बाबा नव्या घरी आले. फिरून पाहिलं, बाल्कनीत उभे राहिले, मग कागद मागितले. जुन्या माणसांना घर पाहून झालं की कागद पाहायचे असतात. मी फाईल दिली. गहाण म्हणून मूळ कागद बँकेत होते, यात झेरॉक्स होत्या. सगळ्यात वर ते ‘काही येणे नाही’चं पत्र होतं.

“हे घराचं नाही,” बाबा म्हणाले.

“घराचंच आहे,” मी म्हणालो.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, घडी न मोडता परत ठेवलं, आणि म्हणाले, “हे जपून ठेव. पावती फेकू नये.”